लांडग्याचा वाटा

४ नोव्हेंबर

ही डायरी तुमसरच्या एका राईस मिलवाल्यानं दिलेली. वर्ष सरत आलं तरी कोरीच होती. माझ्या लेकीचे, टीनाचे बाबा डायरीवर चहाचा कप ठेवत, त्याचे गोल डाग पुठ्ठ्यावर आहेत. सरपंच झाल्यापासून मी दिवसभर बोलतच असते, पण त्यात माझ्या मनातलं काहीच नसतं. ते इथं लिहीन म्हणते. बघू किती टिकतं ते. टीनाच्या सांगण्यावरून सुरू केलेला व्यायाम चार दिवस टिकला होता.

आज ज्योत्सना मॅडम आल्या. त्या आमच्याकडच्या वनरक्षक. वयानं टीनापेक्षा थोड्याच मोठ्या, पण गणवेशामुळे आपोआप ‘मॅडम’ तोंडात येतं. रानडुकरं बघायला त्यांनी झुडपी जंगलातल्या झाडाला कॅमेरा बांधला होता. त्यात आलेला फोटो त्यांनी मला मोबाईलवर दाखवला. लांडगा! मागे अजून एकाची शेपटी आणि अर्धं अंग.

“जोडी आहे ताई,” त्या हळूच म्हणाल्या. बोलणं ऐकून लांडगे पळून जातील असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

फोटो बाबांना दाखवला. बाबा म्हणजे माझे वडील, धनीराम. आयुष्यभर ते गावाचे गायकी होते, गावभरची ढोरं रानात नेऊन राखायचे. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे माय गेल्यावर त्यांना आमच्याकडे आणायला बैलबंडीही लागली नाही. बाबा फोटोकडे बघतच राहिले. मोबाईलचा उजेड गेला की काचेवर नखानं टकटक करायचे.

“कोल्हा असंल ना बाबा?” मी म्हटलं.

“कान पाह्य त्याचे. कोल्ह्याचे असे रायते का?” मग जरा वेळानं, पाहुणे आल्यासारखं, “आले म्हना.”

५ नोव्हेंबर

मॅडमनी आज नीट समजावून सांगितलं. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. त्याला मारणं, पकडणं, विष घालणं, सगळ्याला मोठी शिक्षा. हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे वाघाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणतात आणि लांडग्याचं निघालं की काठी शोधतात.

पण कायदा लांडग्याला आहे, त्याच्या जागेचं काय? आमचं झुडपी जंगल सरकारी कागदावर जंगल आहे, डोळ्यांना मात्र काटेरी माळ दिसतो. कुणाला तिथं गोदाम दिसतं, कुणाला क्रिकेटचं मैदान. मॅडम म्हणाल्या, ते ‘संवर्धन राखीव’ जाहीर करून घेता येईल. करायचं सरकारनं, पण आधी गावाचं मत लागतं. “सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडाल का?”

मी लगेच हो म्हणून बसले. इथं खरं लिहायला हरकत नाही: हो म्हणाले ते पर्यावरणासाठी नाही.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी बाबांबरोबर ढोरं घेऊन जायची. सकाळी गावभरची ढोरं गावाबाहेर आखरावर जमत. तिथं एक मोठा काळा दगड आहे, त्याच्यावर बसून मी बासी भात आणि कांदा खायची. मग झुडपी जंगल. बोरं, टेंभरं, चारोळीची चार, सगळा रानमेवा. दुपारी एखाद्या वेळी बांधावर लांडगा बसलेला दिसे. बाबा त्याच्याकडे बघत, तो बाबांकडे बघे. एकाच बाजाराला जाणारी दोन माणसं रस्त्यात भेटावीत, तसं. मी घाबरले की बाबा मला खांद्यावर घेत. त्यांच्या मुंडाशाला गुरांचा आणि बिडीचा वास यायचा. तो वास मला अजून कधी कधी उगीचच येतो.

गाय-बैल मेला की बाबा तो ओढत ढोरफोडीवर नेऊन टाकत. मेलेली ढोरं टाकायची ती जागा, झुडपी जंगलाच्या कडेला. टाकून झालं की रानाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत, “घ्या रे, तुमचा वाटा. जितं मागू नोका.” मायला त्याचा राग यायचा. म्हणायची, माझ्याशी बोलताना याले आवाज फुटत नाई.

मी सातवीत होते तेव्हा ते संपलं. कुणीतरी लांडग्याच्या बिळात तणस पेटवून धूर केला, तोंडाशी दगड लावले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर गावानं लांडगा पाहिलाच नाही.

१३ नोव्हेंबर

आठवडाभर लिहिलं नाही. मंडईची धामधूम होती. दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, आणि नाटक बघायला अर्धा तालुका लोटतो. सरपंच म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. नाटकातली नायिका रडायला लागली तशी मीही रडले आणि पुढचे दोन दिवस गावानं मला चिडवलं.

बाबांची तब्येत या दिवसांत छान आहे. भात दुसऱ्यांदा मागून घेतात. संध्याकाळी काठी घेऊन फिरायला जातात ते अंधार पडायच्या सुमारास परततात. टीनानं भंडाऱ्याहून पाठवलेल्या ताकदीच्या गोळ्या लागू पडलेल्या दिसतात. फोन करून तिला सांगितलं तर नर्सिंगवाली बाई केवढी फुगली.

एकच गोष्ट लाजिरवाणी. कुणाची कोंबडी मेली की बाबा मागून नेतात म्हणे. शेजारीण हसत सांगत होती. घरी विचारलं तर म्हणाले, “पुरून टाकतो. तुयाच पंचायतचा नियम आहे ना?” नियम माझाच आहे. मेलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही, पुरायचं. त्यावरच तर गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं आणि ढोरफोडी बंद झाली. म्हातारा माणूस लेकीचा नियम पाळतो, याचं खरंतर मला कौतुक वाटायला हवं.

२२ नोव्हेंबर

लांडग्यानं बंटीचं पाटरू, बकरीचं पिल्लू, नेलं. बंटी आमच्या गावचा तरुण पोरगा. पुण्याची नोकरी सोडून त्यानं शेळीपालन सुरू केलंय, शेड बांधलंय, शेळ्यांना सोनीसारखी नावं दिलीत. पंचायतीसमोर येऊन त्यानं सगळा राग माझ्यावर काढला.

“ताई, पिंजरा लावा आन घेऊन जा म्हना त्याले!”

मॅडम तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवावर उठलं तरच, तेही अगदी वरच्या साहेबांची लेखी परवानगी घेऊन. पाटराची भरपाई मिळेल, अर्ज करा.

“म्हंजे त्याले कायदा आहे, माया सोनीच्या पोराले नाई?” बंटीचा आवाज फाटला. “काहून? आमी काय दुसऱ्या राज्यातून आलो का? थिमेट टाकीन एक दिवस. मंग लिव्हा किती लिव्हता ते!”

थिमेट म्हणजे पिकावरच्या किडीचं जहाल विष. सगळ्या गावानं ऐकलं. मी पण ऐकलं आणि लक्षात ठेवलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “वाटा पुरत नसंल. दोघाचे जास्त होनार आता.” मला कळलं नाही. वयानं कधी कधी असं असंबद्ध बोलतात.

२९ नोव्हेंबर

धान कापून झालं, शेतात पुंजणे रचलेत, पण मळणी यंत्राचा नंबर लागत नाही. धानाच्या त्या ढिगांखाली उंदरांनी संसार थाटलाय. टीनाचे बाबा आज पडवीत बसून उंदराचं औषध कणकेत मळत होते. वरून गूळ. गोळ्या करताना चेहरा असा की दिवाळीचे लाडू वळतायत.

“उंदरांचे लाड बघा!” मी म्हटलं.

“तुया सभेत चहाबिस्किट देतेस ना? हे माये मतदार,” ते म्हणाले. नवरा आहे म्हणून सोडून देते.

२ डिसेंबर

काबरी मेली. आमची एकुलती एक बकरी, टीनानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. काल दाव्यातून सुटली आणि दिवसभर पुंजण्यांपाशी होती. आज सकाळी बघितलं तर पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. नवं धान खाऊन बकऱ्या फुगतात, हे काही नवीन नाही. टीनाचे बाबा म्हणाले, बांधाशी पुरून टाकू. बाबा म्हणाले, “जवाई, तुमी मळनीचं पाहा. मी करतो तिचं.”

कष्ट नको म्हटलं तरी ऐकलं नाही. दुपारी परत आले. फावडंसुद्धा धुऊन ठेवलं, इतकं स्वच्छ की मातीचा कण नाही. पूर्वीची माणसं अवजाराला जपायची ती अशी. टीनाला फोनवर सांगताना मलाच रडू आलं.

५ डिसेंबर

लांडगा मेला.

नाल्याजवळ पडला होता. नर. तोंडाला फेस, पाय ताठ. पंचनाम्याला सरपंच म्हणून मला बोलावलं. मी इतक्या जवळून लांडगा कधीच पाहिला नव्हता. डोळे उघडे होते. लहानपणी बांधावरून ज्या नजरेनं तो बघायचा, ती नजर तिथं नव्हती.

डॉक्टर म्हणाले, विषच वाटतं. वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, कुणावर संशय? मी क्षणभरही थांबले नाही. बंटीचं नाव सांगितलं. सगळ्या गावादेखत धमकी दिलेली, माझ्या कानांनी ऐकलेली. त्याला गाडीत घालून साकोलीला नेलं. त्याची माय माझ्याकडे बघत होती, मी नजर वळवली नाही. त्या नर लांडग्याच्या जागी मला माझं सगळं लहानपण मेलेलं दिसत होतं आणि कुणीतरी त्याचा हिशेब द्यायलाच हवा होता.

बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठं पडला होता?” आणि मग, “पोटात काय निंगालं?” ताटावरून उठले.

६ डिसेंबर

बंटीला सोडलं, पण रोज बोलावतात. त्याच्या शेडवर छापा घातला, थिमेटचं पाकीट मिळालं नाही. लपवलं असणार.

बाबांनी काल रात्रीपासून भाताला हात लावला नाही. फिरायलाही गेले नाहीत. गोळ्या संपल्या असाव्यात.

८ डिसेंबर

आज सगळं लिहिणार.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी बंटीविषयी काहीबाही बोलत होते, त्याला चांगला धडा मिळायला हवा वगैरे. बाबांनी पानाला नमस्कार केला आणि म्हणाले, “त्या पोराले यातून सोडव रंजू. काबरी मी पुरली नाई.”

मला कळेना.

“ढोरफोडीवर नेली. कोंबड्या बी तिथंच नेत होतो. तुया नियमाच्या भेवानं सांगतलं नाई.”

टीनाच्या बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. “मामाजी,” ते म्हणाले, “ते गोळे. पुंजण्यापाशी ठेवले होते मी. काबरी तिथंच होती दिवसभर.”

 बाहेर मळणी यंत्र चालू होतं, त्याचा आवाज घरभर भरला होता.

नवं धान नव्हतंच ते. आणि ते धुतलेलं फावडं! मीच इथं कौतुकानं लिहिलंय. ते फावडं धुतलेलंच नव्हतं, मातीला लागलंच नव्हतं. आता मागची पानं वाचवत नाहीत.

टीनाचे बाबा म्हणाले, “मी सांगतो साहेबाले. विष मायं होतं.”

“तुमी उंदरासाठी ठेवलं,” बाबा म्हणाले. “लांडग्यापुढं मी ठेवलं. जितं मागू नोका म्हनून देल्लं, आन त्याचाच जीव घेतला.” मग माझे बाबा रडले. मायच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात नाही, काही नाही. भात निवत होता आणि ते तसेच बसून रडत होते.

१० डिसेंबर

दोन दिवस मी काहीच केलं नाही. खरं ते लिहिते. मी विचार करत होते की बंटीविरुद्ध पुरावा नाहीच, आज ना उद्या त्याला बोलावणं थांबवतील. मग कुणाला काय कळणार? बाबांचं वय झालंय. वाघाच्या रांगेतला कायदा म्हाताऱ्या गायकीवर कशाला? हा कायदा मीच गावाला घसा फोडून समजावला होता. त्याच कायद्यातून आता फट शोधत होते.

आज सकाळी उठून बघते तर बाबा धुतलेलं धोतर नेसून, मुंडासं बांधून ओट्यावर बसलेले.

“चाल.”

“कुठं?”

“साकोलीले. तू नाई आली तं मी ऑटोनं जातो.”

मी खूप समजावलं. मॅडमशी बोलते म्हटलं, काहीतरी सौम्य लिहितील म्हटलं. ते ऐकून बाबा चिडले. मला वाटलं होतं ते घाबरलेत. तसं नव्हतं.

“कायले सौम्य? तूच सांगत होती ना, त्याचं नाव वाघाच्या रांगेत आहे? तवा बिळात धूर करून मारले, तं कोनी इचारलं नाई. पाटलानं नाई, पोलिसानं नाई. मी एकटा बसलो होतो उपाशी. आता एक मेला तं जीपगाडी आली, डाक्टर आला, तुले बोलावलं. कोनीतरी पुसून राहिलं ना रंजू, कोनं मारला म्हनून? मंग सांगू दे मले.”

मी चप्पल घातली.

१७ डिसेंबर

बंटी संशयातून सुटला. बाबांवर गुन्हा नोंदला. मॅडम जबाब लिहिताना मान वर करत नव्हत्या. म्हणाल्या, “कमी लिहिता येत नाही मला ताई. अनुसूची एक आहे.” मी म्हटलं, “लिहा.” टीनाच्या बाबांचाही जबाब घेतला. कोर्टात उभं केलं, तेव्हा टीना भंडाऱ्याहून आली होती. आजोबांचा हात तिनं सोडलाच नाही. वय बघून त्याच दिवशी जामीन मिळाला. अट अशी की निकाल लागेपर्यंत त्या झुडपी जंगलात पाऊल ठेवायचं नाही.

बाबांनी वकिलाला विचारलं, “आखरालोक चालते का?” वकिलाला आखर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, काळ्या दगडापर्यंत गावाची हद्द, पुढं जंगल. तो म्हणाला, मग दगडापर्यंत चालेल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा दगडावर जाऊन बसतात, रानाकडे तोंड करून. मी बासी भात खायची, त्याच दगडावर.

११ जानेवारी

डिसेंबरची पानं संपली, म्हणून डायरीच्या सुरुवातीला, जानेवारीच्या कोऱ्या पानांवर आले. मागचं साल खोडलं.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, बघा, घरच्या म्हाताऱ्यालाच तुरुंगाच्या दारात नेलं, आता अख्ख्या रानाला हा कायदा लावणार. माजी सरपंच लक्ष्मणराव पारावर बसून मजेत सांगतात, उद्या उंदराला औषध घालायलाही रंजूबाईची परवानगी लागेल. आम्ही गोदामाचं म्हणत होतो तेच बरं होतं. हसणारे हसतात. मीही हसल्यासारखं करते.

ठराव मागे घ्यावा असं रोज वाटतं. घरी बाबा दगडावर बसलेले आणि मी त्याच रानासाठी मतं मागत फिरायचं, कोणत्या तोंडानं?

मादीचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. ती एकटी टिकणार नाही, असं सगळे म्हणतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि ग्रामसभा.

ठरावाआधी मी उभी राहिले. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, “मी बंटीचं नाव घेतलं. मले काही माहीत नव्हतं, तरी घेतलं. त्याच्या मायच्या डोळ्यात पाहून घेतलं. मायं चुकलं. सगळ्यांसमोर घेतलं होतं, म्हणून माफी बी सगळ्यांसमोर मागते.”

बंटी मागे भिंतीला टेकून उभा होता.  तिथूनच म्हणाला, “माफीचं पाहू मंग. पह्यले मले सांगा, धनीरामबाबा वाटा टाकत होता तवा लांडगा कोनाच्या कोठ्यात शिरत होता का? जुन्या मानसाईले पुसा.”

जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. नाही, शिरत नव्हता.

“मंग तुमी ढोरफोडी बंद कायले केली? बक्षिसासाठी? मले लांडगा आवडत नाई. आज बी नाई आवडत. पन तो जानार नाई, हे मले या महिनाभरात समजलं. त्याले रानात खायले द्या, डाक्टरनं पाह्यलेलं मढं द्या, तं मायी शेड वाचते. हे त्या ठरावात लिव्हा, मंग मी हात वर करतो. नाई लिव्हलं तं मी बसतो खाली.”

मॅडमनी साहेबांना तिथूनच फोन लावला. जागा ठरवून, कुंपण घालून, जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून दिलेलं जनावर टाकता येईल, असं उत्तर आलं. माझा बक्षिसाचा नियम मीच माझ्या हातानं बदलला. लक्ष्मणरावांनी हात वर केला नाही, पण त्यांच्या सुनेनं केला आणि तो खाली घ्यायला सासऱ्यांनी तिला सांगितलं तरी तिनं घेतला नाही. ठराव झाला. फार थोड्या हातांच्या फरकानं, पण झाला. आता कागद वर जाईल. सरकारला वाटेल तेव्हा वाटेल.

बाबा सभेला आले नव्हते. घरी येऊन सांगितलं. म्हणाले, “बंट्या बोलला? लगित शहाणा निंगाला पोरगा.” आणि बऱ्याच दिवसांनी भात मागून घेतला.

१९ फेब्रुवारी

दुपारी मॅडमचा फोन आला. कॅमेऱ्यात मादी दिसली आणि तिच्यामागे पिल्लं. मी फोन कानाला लावूनच अंगणात नाचले. शेजारीण बघत होती, बघू दे. बाबांना सांगितलं तर ते उठून मायच्या फोटोला हात लावून आले.

आणि आजच बंटीच्या सोनीचं पाटरू जन्मतःच मेलं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली. पहिलाच वाटा. बंटी पाटरू पोत्यात घेऊन आमच्या दारात आला आणि बाबांकडे बघून म्हणाला, “बाबा, तुमीच नेलं असतं तं बरं झालं असतं.”

“मले बंदी आहे,” बाबा म्हणाले. “रंजू नेईल.”

आखरापर्यंत ते माझ्याबरोबर आले. दगडापाशी थांबले. मी एकटी पुढं निघाले. ती पायवाट माझ्या पायांना ठाऊक होती, पण मला नव्हती. बोरीची झाडं मोठी झालीत. जिथं टेंभरं वेचायचो तिथं आता लँटानाचं तण माजलंय. ढोरफोडीवर पाटरू ठेवलं, रानाकडे तोंड केलं आणि म्हटलं, “घ्या रे, तुमचा वाटा. जितं मागू नोका.” बाबांच्या तोंडी ते कसं भारदस्त वाटायचं. माझ्या तोंडून सभेची सूचना वाचल्यासारखं निघालं. मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले, कारण त्या वेळी तिथं मुंडाशाचा वास आला. खरंच आला. बिडीचा आणि गुरांचा.

सूर्य बुडत होता. कुणी आलं नाही. मी परत फिरले. दगड दिसायला लागला तोच मागे रानातून ती ओरडली. लांब, एकटा सूर. पाठोपाठ बारीक, फाटके, न जमलेले कितीतरी सूर. पिल्लं शिकत होती.

मी बाबांकडे बघितलं. ते दगडावर बसलेले नव्हते. उभे होते, कानामागे हात, तोंड उघडं. त्यांचा एक पाय दगडाच्या पलीकडे पडला होता, रानाच्या बाजूला. त्यांना ते समजलंही नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं, आणि पाय उचलून हळूच मागे घेतला.